काथ्याच्या केसांचे राजे

१

“मेल्या पात्याला धारच उरली नाही. एवढी शिवण उसवायला घेतली तर हात दुखून आला. पण कोण लक्ष देतंय म्हणा या घरात!”

सुंदरामामी हे पुटपुटली ती जयंतीच्या कानापासून वीतभर अंतरावर. दोघी स्वयंपाकघरात एकाच चटईवर बसल्या होत्या. मामी अण्णांच्या दाढीच्या जुन्या पात्याने ब्लाउजची शिवण उसवत होती आणि जयंती वर्तमानपत्रं चुरगाळून खोक्यांत भरत होती. तिने नुसतं “हं” केलं. मामीचं पुटपुटणं भांडुपच्या त्या घरातल्या पंख्याच्या आवाजासारखं होतं. बंद पडलं तरच लक्षात यायचं.

तेवढ्यात बाहेरून निलेश ओरडला. “हे कोणी केलं? मी विचारतोय, हे कोणी केलं?”

निलेश मामीचा धाकटा मुलगा. अंधेरीच्या ऑफिसात माणसांना हळू आवाजात कामावरून काढणारा म्हणून त्याची ख्याती, त्यामुळे तो ओरडला तेव्हा जयंती खोकं टाकून धावलीच. काचेच्या कपाटासमोर तो उभा होता. हातात वीतभर उंचीचा लाकडी राजा. कालपर्यंत कमरेपर्यंत केस मिरवणारा हा राजा आज गोटा करून उभा होता.

अण्णा धुरी, म्हणजे जयंतीचे मामा, कारखान्यात ओतकामाचे लाकडी साचे करायचे. कारखाना बंद पडला, हात रिकामे झाले, आणि मुलुंडच्या रद्दीवाल्याकडे त्यांना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक मिळालं. फ्रान्सला फ्रान्स म्हणायच्याही आधी तिथे राज्य केलेल्या फ्रँक राजांचं. बापलेकांच्या, सावत्र भावांच्या, चुलत्या-पुतण्यांच्या मारामाऱ्यांनी खच्चून भरलेलं. शब्दकोश घेऊन अण्णांनी ते वाचलं, आणि एकेक राजा लाकडातून कोरून काढला. सावंतवाडीकडचा माणूस, लाकडी खेळण्यांच्या गावचा. केसांसाठी गावाहून काथ्या यायचा. तो विंचरून, तेल लावून राजांच्या डोक्यावर बसवायचा. कारण या राजांचं सगळं केसांत होतं. राजाच्या मुलाने केस कापायचे नाहीत. केस लांब तोवर गादीवर हक्क; केस उतरले की हक्कही उतरला.

गणपतीत अण्णा बाहुले मांडून गोष्ट सांगायचे, तीही मालवणीत. “क्लोविस राजाक चार झील. तीन राणयेचे, एक आधीचो. तो थ्यूडरिक, सगळ्यांत थोरलो. बाप मेलो, चौगांनी राज्य वाटून घेतल्यानी. कोणी इचारूक नाय, तू खंयच्या पोटाचो!” इथे ते थांबायचे, चष्मा पुसायचे, आणि मामी चहा टाकायला उठायची. दरवर्षी.

आज निलेशच्या हातात होता तो थ्यूडरिकच. बाकी सतरा जणांच्या केसालाही धक्का नव्हता.

अण्णांना जाऊन जेमतेम महिना झाला होता. निलेशने मुलुंडच्या एका वाचनालयाच्या सभागृहात या बाहुल्यांचं प्रदर्शन ठरवलं होतं. तीन वाजता टेम्पो येणार होता.

“हर्षद,” निलेश म्हणाला. आवाज पुन्हा ऑफिसातला झाला होता. “काल संध्याकाळी तेल लावायला तोच आला होता. प्रदर्शनाच्या फलकावर त्याचं नाव घातलं नाही म्हणून हा सूड. बोलावतो त्याला. सगळ्यांसमोर तोंडावर सांगतो, आणि आजपासून त्याने या घराचा उंबरा ओलांडायचा नाही. संपलं.”

हर्षद म्हणजे वाकोल्याहून दर रविवारी येणारा अण्णांचा शिष्य. असं सगळे म्हणायचे. जयंतीही तसंच म्हणायची.

“थांब जरा,” ती म्हणाली. “टेम्पो यायला वेळ आहे. तोवर बघू दे मला.”

बाहुला हातात घेताना तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. मग कळलं. आतलं पुटपुटणं बंद पडलं होतं.

२

जयंती शहरातल्या बसच्या हरवलं-सापडलं विभागात नोकरीला होती. अर्धं आयुष्य तिने दुसऱ्यांच्या छत्र्या, डबे, कवळ्या आणि एकदा एक जिवंत बोकड सांभाळण्यात घालवलं होतं. वस्तू कोणाची हे वस्तूवरून कळतं आणि माणूस खोटं बोलतोय हे त्याच्या घाईवरून, एवढं शास्त्र तिने आपलं आपण शिकून घेतलं होतं.

निलेशला घाई होती. पण तो खोटं बोलत नव्हता, नुसताच चुकत होता. तो त्याचा जुना रोग.

तिने थ्यूडरिकला खिडकीच्या उजेडात धरलं. सूड म्हणून कापले असते तर केस ओढून तोडले असते, बाहुला आडवा पडला असता, काथ्याचे धागे कपाटभर झाले असते. इथे धागाही नव्हता. बाहुला जागेवर सरळ उभा केलेला, अंगावरची कुसळं झटकलेली. डोकं मात्र ओरखड्यांनी भरलेलं, म्हणजे हात कसबी नव्हता. आणि ओठांवर अण्णांनी काथ्याच्याच मिशा चिकटवल्या होत्या, त्याही गेल्या होत्या. मागे टाळूखाली चिमूटभर काथ्या तसाच राहिला होता. घाईत सुटला असेल.

मिशा कशाला काढल्या? जयंतीने अण्णांच्या सगळ्या गोष्टी आठवून पाहिल्या. त्या राजांच्या मिशांना कोणी कधी हात लावल्याचं तिला आठवेना. भांडण असायचं ते केसांचं.

“आत्या, माझ्यावर संशय असेल ना?” मागून जान्हवी म्हणाली. निलेशचा मोठा भाऊ लवू, त्याची ही मुलगी. घाटकोपरच्या एका सलूनमध्ये शिकाऊ होती आणि घरातल्या सगळ्या कात्र्या तिच्या मालकीच्या होत्या. “काकाने सकाळपासून दोनदा माझी बॅग उघडली. डोकंच फिरलंय माझं.”

“तू केलंस?”

“वेडी आहेस का? आजोबांचा बाहुला?” तिचे डोळे भरले, पण ते रागाने. “आणि मी केलं असतं तर असं केलं असतं? शी! बघ ना, अगदी मुळापासून गेलंय. कात्रीने एवढं जवळून जात नाही, पायऱ्या पडतात. हे पात्याने खरवडलंय. तेही साध्या, दाढीच्या. काथ्यावर पातं मरतं गं, दुसऱ्या कामाला उरत नाही.”

“तुझ्या सलूनमध्ये पाती—”

“रोज मोजून परत घेतात. विचार जाऊन.” ती पायाने खोकं ढकलत म्हणाली. “मला एक सांग, आत्या. सगळे कोणी केलं कोणी केलं करतायत. हाच का, हे कोणी का विचारत नाही? अठरा राजे आहेत. हाच का?”

जयंतीने एक वर्तमानपत्र उचललं आणि चुरगाळायला घेतलं. या घरात काही गोष्टी माहीत असण्याची पद्धत होती, बोलण्याची नव्हती.

दारात चपला आपटल्याचा आवाज आला. लवू जेवायला आला होता. फोनवर त्याला सगळं कळलं होतं, आणि तो जिन्यातूनच शिव्या देत आला होता.

३

लवू कांजूरमार्गला कारखान्यांच्या गल्लीत कँटीन चालवायचा. सतत भट्टीशेजारी उभा असल्यामुळे असेल, पण तो थंड झालेला जयंतीने लहानपणापासून पाहिला नव्हता.

“मी केलं, असं म्हणतोय ना तो साहेब?” हात न धुताच तो पाटावर बसला. “जयंती, मला कापायचे असते ना, तर एकाचे कशाला? अठराच्या अठरा भादरले असते, आणि कपाटासकट भंगारवाल्याला दिले असते. बापाने आयुष्यभर त्या मेलेल्या राजांची पोरंबाळं मोजली. आम्हाला कधी बसवून विचारलं नाही, तुमचं काय चाललंय!”

“ओरडू नको. जेव.”

“ओरडतो! माझ्या घरात ओरडतो!”

मामीने त्याच्या पानात मुकाट्याने भात वाढला. तो खाली मान घालून जेवायला लागला तेव्हा जयंती त्याच्या मागे उभी होती. दहाव्याला केलेला गोटा आता करडा झाला होता, आगपेटीच्या घासायच्या बाजूसारखा. मागे न्हाव्याने ठेवलेली शेंडी तेवढी इतर केसांपेक्षा बोटभर लांब होती. मिशीही अजून पुरती आली नव्हती, त्यामुळे लवूचा चेहरा उघडा पडल्यासारखा वाटत होता.

“हर्षदने केलं असेल?” तिने विचारलं.

घास हातातच राहिला. “त्याची हिंमत आहे. त्या दिवशी नाही का, दहाव्याला, खाडीवर येऊन उभा राहिला? माझं झालं, निलेशचं झालं, तरी हा आपला तिथेच. न्हाव्याच्या समोर. शर्ट काढून! काय समजतो स्वतःला?”

“काय समजतो?” जयंतीने विचारलं.

लवूने तिच्याकडे पाहिलं. मग ताटाकडे. “आमटी आळणी आहे,” तो म्हणाला.

जयंतीला तो दिवस जसाच्या तसा आठवत होता. टॉवेलांची पिशवी घेऊन तीही तिथे उभी होती. न्हाव्याने वस्तरा पुसत विचारलं होतं, “अजून कोणी मुलगा आहे का?” लवूने आईकडे पाहिलं. आईने खाडीकडे. निलेशने मोबाइल काढला. आणि जयंतीने, जिला हरवलेल्या बोकडाचा मालक शोधून काढता येतो, तिने पिशवीतले टॉवेल पुन्हा घडी घातले होते. शेवटी लवू म्हणाला, “झालं. उचला पेटी.” हर्षदने शर्ट घातला आणि तो निघून गेला.

आता ते आठवताना जयंतीला राग आला. एकट्या लवूचा नव्हे. पिशवीतल्या त्या टॉवेलांचासुद्धा.

बेल वाजली. “आला,” निलेश म्हणाला आणि बाहेरच्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्या स्वतःच्या बाजूला ओढून घेतल्या.

४

हर्षद दारातच थांबला. पंचावन्नच्या आसपासचा, रुंद खांद्यांचा माणूस. सुतारकामाने बोटांची टोकं सपाट झालेली. डोक्यावर कापडी टोपी. उन्हातून आत आला तरी त्याने ती काढली नाही. जयंतीच्या लक्षात आलं, कालही काढली नव्हती.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली, आणि ती काल कशी आली नाही याचं तिला नवल वाटलं. हर्षदची मिशी म्हणजे जाड, टोकांना वळलेली, पोरं जिला सायकलचं हँडल म्हणायची. तिच्या जागी आता नुसती खरखर होती.

“मिशी काय केलीस रे?” तिने सहज विचारलं.

“पांढरी झाली होती. उडवली.”

“बस,” निलेश म्हणाला. बसायला खुर्ची नव्हती. “हे बघ. तुला फलकावर नाव पाहिजे होतं, मी नाही म्हटलं. कारण बाहुले माझ्या वडिलांचे आहेत. मान्य, शेवटी त्यांचा हात थरथरायचा तेव्हा तू मदत केलीस. मदत करणाऱ्याचं नाव कोणी फलकावर घालत नाही. म्हणून तू असं करणार?”

त्याने थ्यूडरिक पुढे केला.

हर्षदने दोन्ही हातांनी तो घेतला. जयंती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. संशयिताच्या चेहऱ्यावर काय काय असतं ते तिला पाठ होतं. इथे त्यातलं काहीच नव्हतं. आधी तो दचकला. मग त्याचा अंगठा बाहुल्याच्या डोक्यावरून फिरला, ओरखड्यांवरून, ओठांवरून, आणि मागे जाऊन त्या उरलेल्या चिमूटभर काथ्यावर थांबला. तिथेच राहिला. त्याने एकदा आतल्या दाराकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. डोळे भरून आले होते.

“बोल ना! दातखीळ बसली का?” लवू ओरडला.

“मीच केलं,” हर्षद म्हणाला. “काल. चुकलं माझं. मी येणार नाही यापुढे.”

निलेश जिंकला होता, पण जिंकलेल्या माणसाचं तोंड एवढं पडलेलं जयंतीने कधी पाहिलं नव्हतं.

“खोटं,” ती म्हणाली. “साफ खोटं. आणि तू जरा बाहेर ये माझ्याबरोबर.”

५

गॅलरीत वाळत घातलेल्या चादरींमध्ये दोघं उभे राहिले.

“कशाने कापलेस?”

“कात्रीने.”

“ही पहिली थाप. दुसरी ऐक. तू एका ओरखड्यासाठी मला अख्खा क्लोथार राजा पुन्हा घासायला लावला होतास, आठवतं? तू या लाकडावर एवढ्या रेघा ओढशील? झोपेतसुद्धा नाही ओढणार. कोणाला वाचवतोयस?”

“जयंती, सोड ना.”

“नाही सोडणार. आज तू मान खाली घालून गेलास तर परत येणार नाहीस, माहितीये मला. दर रविवारी वाकोल्याहून इथे कशाला येत होतास? लाकूड काय तिकडे मिळत नाही?”

तो चादरीच्या काठाशी चाळा करत राहिला. “मला जायला सांगतील, जाईन. पण हे कोणी केलं ते शोधू नको. आयुष्यात एवढं कोणी केलं नव्हतं माझ्यासाठी.”

माझ्यासाठी! जयंती त्या शब्दापाशी अडखळली. बाहुला विद्रूप झाला, हा चोर ठरला, आणि म्हणतो माझ्यासाठी.

तिला अण्णांची दुसरी गोष्ट आठवली. ती ते क्वचितच सांगायचे. क्लोविसची विधवा राणी क्लोटिल्डा. तिचा एक मुलगा लढाईत मेला, त्याची तीन पोरं ती सांभाळत होती. पोरांचं राज्य गिळायला टपलेल्या त्यांच्या काकांनी तिच्याकडे एक कात्री आणि एक तलवार पाठवली. निवड काय ती. पोरांचे केस, की जीव? म्हातारी संतापाने पेटली होती. रागाच्या भरात बोलून गेली, केस उतरलेली बघण्यापेक्षा मेलेली बघेन. आणि काकांनी दोघांना मारलं. “रागान बोललेला,” अण्णा म्हणायचे, “पण बोललेला ता बोललेला.” तिसरा पोरगा वाचला. मोठा झाला, आणि राज्य नको म्हणून त्याने आपले केस आपल्याच हाताने कापून टाकले.

आपल्याच हाताने. जयंतीने हर्षदच्या टोपीकडे पाहिलं. मग मिशीच्या जागेकडे. लवूचा जेवतानाचा उघडा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला. दोघांची खरखर अगदी एकाच वाढीची होती.

“कुठे केलंस?” तिने हळू विचारलं.

त्याला लगेच कळलं. “खाडीवरून गेलो तो थेट वाकोल्याच्या नाक्यावर. सलूनवाला म्हणाला, कोण गेलं? मी म्हटलं, घरातलं.”

“टोपी त्यासाठी?”

“इथे कोणाला त्रास नको. आधीच पुष्कळ दिलाय मी. नुसता येऊन.”

जयंतीला राग आला, आणि तिने तो येऊ दिला. रागाने डोकं स्वच्छ चालतं, असा तिचा अनुभव होता. आणि तसंच झालं. ओरखडे, मिशा, सुटलेला काथ्या, सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं. आणि रांगेच्या टोकाला, तिच्या कानापासून वीतभर अंतरावर सकाळी कोणीतरी पुटपुटलं होतं.

“चल आत,” ती म्हणाली. “तू चोर नाहीस. आणि मी आंधळी होते.”

६

“टेम्पोवाल्याचा फोन आला होता,” निलेश म्हणाला. “नाक्यावर आलाय. लवकर आवर, ताई.”

“आवरते. लवू, इकडे ये. पाठ कर.”

“काय?”

“पाठ कर म्हणते ना!” तिने त्याला खांद्याला धरून वळवलं आणि थ्यूडरिक त्याच्या डोक्याशेजारी धरला. “जान्हवी, बघ. निलेश, तूही बघ. आपण सकाळपासून म्हणतोय, राजाचे केस कापले म्हणजे त्याचा हक्क काढून घेतला. पुस्तकात तसं आहे. पण पुस्तकातला माणूस मिशा कशाला काढेल? हे बघ, मिशा गेल्यात. आणि मागे हा काथ्या. घाईत राहिलेला नाही हा. ठेवलेला आहे. लवूच्या डोक्यावर आहे, तशीच ही शेंडी आहे.”

लवूचा हात नकळत स्वतःच्या टाळूमागे गेला.

“बाप गेल्यावर आपल्यात मुलाचं करतात ते केलंय हे. त्या फ्रँकांत मुलगा असेल त्याने केस राखायचे. आपल्यात मुलगा असेल त्याने उतरवायचे. हे ज्याने केलं त्याने थ्यूडरिकचा हक्क काढला नाही. दहाव्याला जे त्याला दिलं नाही, ते दिलं.”

“त्याला म्हणजे कोणाला?” जान्हवीने विचारलं.

“मग हर्षदनेच केलं ना,” निलेश म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

“हर्षदला बाहुल्याची गरज नव्हती. आणि त्याच्या हातून ओरखडा उमटत नाही. हात कसबी नाही, पातं दाढीचं, आणि आता ते बोथट झालंय. या घरात दाढीचं पातं कोण वापरतं? तुम्ही दोघं मशीनने दाढी करता.” जयंतीने आतल्या दाराकडे पाहिलं नाही. “आणि केस खाली एकही नाही. मुलाचे केस असे उंबऱ्यात कोण पडू देईल? नाव मी सांगणार नाही. मी एवढंच विचारते, त्या दिवशी न्हाव्याने विचारलं होतं ते. अजून कोणी मुलगा आहे का?”

लवूने आईकडे पाहिलं. निलेशचा हात मोबाइलकडे गेला आणि वाटेत थांबला. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला.

“सकाळी तुझ्या कानाशी बसून सांगितलं, पातं बोथट झालंय म्हणून,” सुंदरामामी दारातून म्हणाली. “तरी तुला दुपार लागली. मोठी शोधणारी!”

“मामी—”

“गप्प बस. आता मी बोलते.” ती पुढे आली. लहानखुरी बाई, पण खोली तिने भरून टाकली. “पहाटे दूधवाला यायच्या आधी केलं. मुद्दाम त्याच जागी परत ठेवला. म्हटलं, बघू तरी. एवढी तोंडं आहेत घरात, एकाच्या तरी तोंडून निघतं का. तर काय निघालं? चोर! फलक! सूड!”

“आई, लोक येणार आहेत तिथे—” निलेश म्हणाला.

“येऊ दे लोक! लोकांसाठीच तर आयुष्य गेलं!” तिने कपाटाच्या काचेवर थाप मारली, राजे हलले. “ह्यांना सतरा राण्यांची भांडणं तोंडपाठ होती. दरवर्षी माझ्यासमोर बसून सांगायचे, चौघांनी वाटून घेतल्यानी, कोणी इचारूक नाय. मला ऐकवायचे! मला कळत नव्हतं? लग्न होऊन आले त्याच वर्षी वाकोल्याच्या बाईबद्दल कळलं होतं मला. जानकी नाव तिचं. माझ्या आधीची. वाट बघितली, स्वतःच्या तोंडाने सांगतील. सांगितलं असतं तर भांडले असते मी, चार दिवस जेवले नसते, माहेरी निघून गेले असते. आणि परत येऊन त्या पोराला पान वाढलं असतं. पण नाही! लाकडाच्या तोंडून सांगायचं! शिष्य म्हणून आणायचं, आणि मी शिष्य म्हणून चहा द्यायचा!”

ती दम घ्यायला थांबली.

“त्या दिवशी खाडीवर लवू माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली असती तरी पुरलं असतं. नाही हलवली. ह्यांचा राग आला होता. म्हटलं, तुम्ही गेलात सुटून, आता मी का बोलू? तो शर्ट घालून निघाला ती पाठ रोज दिसते मला.” तिने पदराची गाठ सोडली. आत काथ्याची जुडी होती, नीट गुंडाळून दोऱ्याने बांधलेली. “हे खाडीत सोडायचं राहिलंय. ज्याचं त्याने सोडावं.”

हर्षदने हात पुढे केला, तेव्हा मामी पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघून बोलली. “घरात टोपी कशाला? काढ.”

त्याने टोपी काढली.

करडं, खरखरीत डोकं. मागे शेंडी, बोटभर लांब.

मामी बघतच राहिली. हे तिला माहीत नव्हतं. “कोणी केलं?”

“मीच. जाऊन.”

“एकटाच?”

“हो.”

जयंतीला वाटलं, आता मामी रडेल. पण ती रडली नाही. ती लवूकडे वळली, निलेशकडे वळली, आणि तिच्या आवाजात अख्ख्या संसाराचा राग उतरला.

“न्हाव्याने विचारलं होतं ना, अजून कोणी आहे का? मग आता ऐका. आहे. हा ह्यांचा मुलगा. थोरला.”